मलमाचा गुण

मूळव्याध हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. कन्नडातही तो ‘मूलव्याधि’च, त्यामुळे हुबळीत भाषा बदलूनही लपायची सोय नाही! बाबांचं दुर्गदबैलात कापडाचं छोटं दुकान. सकाळी दहाला गादीवर बसले की रात्री नऊलाच उठणार. पाणी कमी, चहा जास्त आणि संध्याकाळी मिरची भजी ठरलेली.

मागच्या दिवाळीत कपाट आवरताना टॉवेलांच्या मागे एक ट्यूब सापडली. वर चिनी अक्षरं. सिंगापूरला नोकरी करणाऱ्या आत्तेभावानं आणून दिलेली. विचारलं तर बाबा आधी चिडले, मग आवाज खाली करून म्हणाले, “कुणाला सांगू नकोस पोरी. पण गुण आहे बघ. लावलं की आठ दिवसांत रक्त थांबतंय.”

“आणि मग?”

“मग परत येतंय. परत लावायचं की.”

हे दोन वर्षं चाललं होतं. आईलासुद्धा पत्ता नव्हता.

खोक्यावर बारीक इंग्रजीत घटक होते. कस्तुरी, गोरोचन, मोती, भीमसेनी कापूर. ही तर आजीच्या फडताळातली नावं! कापरानं गार वाटतं, ठणका विसरायला होतो, हे पटण्यासारखं. पण रक्त मलमानं थांबतं की आपसूक? मूळव्याधीचा जोर पुष्कळदा काही दिवसांत आपोआप ओसरतो. आपण मलम लावतो ते नेमकं जोर असताना. मग ओसरला की श्रेय मलमाला.

मी बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, हे कसं तपासतात ते वाचायला घेतलं. रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे. एकाला खरं मलम, दुसऱ्याला तसंच दिसणारं साधं. कुणाला कोणतं मिळालं हे रोग्यालाही कळू द्यायचं नाही आणि तपासणाऱ्यालाही. इथंच गोची आहे. कापराचा वास आणि गारवा लपवायचा कसा? मूळव्याधीचं रक्त थांबवणाऱ्या चिनी वनौषधींच्या चाचण्यांचा कॉक्रेननं 2010 साली आढावा घेतला. त्यात नीट केलेल्या चाचण्या इतक्या कमी निघाल्या की खात्रीनं काही सांगता आलं नाही.

बाबा म्हणाले, “आपल्या आयुर्वेदाला तरी कोण तपासतंय?”

तपासलंय की! भगंदर म्हणजे मूळव्याधीच्या शेजारचाच आजार. त्यावर क्षारसूत्र वापरतात : निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची एकवीस पुटं चढवलेला दोरा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं हा दोरा आणि शस्त्रक्रिया यांची तुलना केली. रोगी 502, निष्कर्ष छापून आले 1991 साली. दोऱ्यानं जखम भरायला सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेनंतर चार. पण आजार उलटला तो दोऱ्यानंतर 4 टक्के लोकांत, शस्त्रक्रियेनंतर 11 टक्के. मला हे आवडलं. दोऱ्याची खोटही सांगितली आणि गुणही. औषध आपलं की परकं, हा प्रश्नच उरला नाही.

“मलमाची परीक्षा राहू दे बाबा, आधी तुमची करू.” मी हट्टाला पेटले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “हे रक्त मूळव्याधीचंच आहे, हे कुणी ठरवलं?” आम्ही दोघंही गप्प. आतड्याच्या कर्करोगातही असंच रक्त जातं, हे तिथं कळलं. हिमोग्लोबिन आठवर आलेलं. दुर्बिणीची तपासणी चार दिवसांनी ठरली. त्या चार रात्री घरात कुणालाच नीट झोप नव्हती. आई एवढंच म्हणाली, “मला सांगायला काय झालं होतं?”

निघाली मूळव्याधच. रबराचं बारीक कडं बसवलं, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. आता ताटात भाजी-कोशिंबीर जास्त, रात्री इसबगोल आणि दुकानात तासाला एकदा उठायचं. ट्यूब अजून कपाटात आहे, पण आता टॉवेलांच्या पुढे.

परवा दुकानात एक ओळखीचे काका बाबांच्या कानाशी लागले. बाबांनी आवाज खाली केला नाही. “मूळव्याध ना? मलाही होती. आधी डॉक्टरला दाखवा, मलमाचं मग बघू.”