नेट नव्हे, लॅपटॉप दमला होता

आमच्या आईला दशावताराचा भारी नाद. जत्रा संपल्या की यूट्यूबवर. भावाने मुंबईहून आणून दिलेला २०१४ चा लॅपटॉप आहे, चौथ्या पिढीचा आय-थ्री. घरात फायबर आलं, तरी राजा तलवार उपसून मध्येच थिजायचा. पेटी आणि मृदंग मात्र चालूच! लॅपटॉपचा पंखा असा घोंघावायचा की बाजूला बसवत नसे. आई म्हणायची, "राजा उभोच रवलो रे. नेटवाल्याक फोन कर."

नेटवाल्याला चारदा फोन केला. तो म्हणाला, मोठा प्लॅन घ्या. घेतला. वर्षभर जादा पैसे भरले, राजा थिजलेलाच.

शेवटी एकदा व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं. नेटचा वेग उत्तम, पण फ्रेम्स गळत होत्या. आवाज न तुटता चित्रच अडकत असेल तर आधी नेटला शिव्या घालू नका, हे मला तेव्हा कळलं. (उशिराच कळलं.)

व्हिडिओ दाबून, बारीक करून पाठवतात आणि तो आपल्या यंत्राला उलगडावा लागतो. त्यासाठी चिपमध्ये वेगळा भाग असतो. खोबऱ्याला खवणी असते ना, तसा. खवणी नसली तर सुरीने होतं, पण हात मोडतो. आमच्या लॅपटॉपात २००३ च्या एच.२६४ ची खवणी आहे. यूट्यूब पाठवत होतं गूगलचं २०१३ चं व्हीपी९. इंटेलने त्याची पुरती सोय केली सातव्या पिढीत. पुढचं एव्ही१ आलं २०१८ मध्ये, त्याला अकरावी पिढी लागते. सगळा भार मुख्य प्रोसेसरवर, म्हणून पंख्याचा आकांत.

गंमत म्हणजे नव्या पद्धतींत तेवढ्याच चित्राला डेटा कमी लागतो. म्हणजे रेंज कमी असलेल्या आपल्यासारख्यांच्या फायद्याच्या. पण त्या उलगडायला यंत्र नवीन हवं, आणि जिथे रेंज नाही तिथेच फोन जुने!

शेजारचे काका होडीवर जातात. त्यांच्या फोनवर वाऱ्याचा तो रंगीत, वाहणारा नकाशा उघडला की फोन तापतो, बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. ते रंग फोनमधली ग्राफिक्स चिप क्षणाक्षणाला रंगवत असते. काका वैतागून म्हणाले, "माका रंग नको. वारो खयचो आणि किती, ताच सांग." हैदराबादची इन्कॉइस संस्था मच्छीमारांसाठी लाटांचा, वाऱ्याचा अंदाज देते. तो चार ओळींत आला तर कुठल्याही फोनवर उघडतो.

टॉवर हवेतच. त्यासाठी मोर्चा काढा, मी येतो. पण लोकांच्या पैशातून वेबसाइट बनते तेव्हा पहिल्याच पानावर आपोआप सुरू होणारा व्हिडिओ कशाला? काम मंजूर करणाऱ्याने ती पाच वर्षं जुन्या स्वस्त फोनवर उघडून बघावी आणि मगच बिल काढावं.

आमच्या घरचा इलाज फुकटात झाला. यूट्यूबकडून एच.२६४ च मागून घेणारं एक छोटं एक्स्टेंशन ब्राउझरला जोडलं. पंखा शांत झाला. प्लॅन पुन्हा लहान केला. कालच्या रात्री आईने अख्खं नाटक बघितलं, आणि सकाळी माझ्याकडे तक्रार केली की राजाचं काम करणारा आता थकलाय, आवाज बसलाय त्याचा.

कोणाला जोडून हवं असेल तर संध्याकाळी सहानंतर या. चार्जर सोबत आणा.