माळवदाखालची एक रात्र

मैत्रिणींनो, तीस वर्षं मी ही गोष्ट घरात कुणाला सांगितली नव्हती. आज तुम्हाला सांगते.

आमचं कुलदैवत तुळजाभवानी. सोलापूरहून तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. सासरच्या माणसांचा उतारा पूर्वापार पुजाऱ्यांच्या वाड्यात. देवळापासून हाकेच्या अंतरावर गल्लीत दगडी चौकट, आत चौक, सभोवार सोपे आणि वर माळवद. मराठवाड्यातल्या बायकांना माळवद सांगायला नको. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. ऐन वैशाखात आत कसा गारवा असतो!

पण १९९३ नंतर मी तिथे एकदाही रात्र काढली नाही. कधी मुलाची परीक्षा, कधी माझं डोकं. सकाळच्या एसटीनं जायचं, ओटी भरायची आणि दिवेलागणीला घरी.

माझं माहेर सास्तूरच्या बाजूचं, तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली झोपेतच गेली. त्यांत माझी आजी होती.

गेल्या वर्षी मुलाचं लग्न झालं. नव्या सुनेला देवीच्या पाया पडायला न्यायचं ठरलं. हे म्हणाले, "लॉज बघू. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे." सासूबाईंनी ऐंशी ओलांडलेली. म्हणाल्या, "एक रात्र मला वाड्यात राहू दे गं. पुन्हा येणं होईल न होईल." सूनबाई तर हरखलीच. "आई, अहो पणजीत जुन्या पोर्तुगीज घरांत राहायला लोक केवढे पैसे मोजतात!" आता मी निमित्त कुठलं काढणार?

रात्री अंथरुणं पडली. माझी नजर काही तुळयांवरून हटेना. पुजाऱ्यांच्या आईंनी ते हेरलं. "माहेर कुठलं बाई तुमचं?" मी गावाचं नाव घेतलं. त्या काही बोलल्या नाहीत. उठून बॅटरी आणली आणि मला कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरवलं.

"भूकंपानंतर आम्ही वरची माती उतरवली. गळतं म्हणून दर पावसाळ्याआधी नवी माती घालायची, जुनी कुणी काढायचं नाही. हातभर थर झाला होता. आणि हे बघा." खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरपे लाकडी टेकू ठोकलेले. "भिंत ढासळली तरी खण उभा राहिला पाहिजे. त्या भूकंपात ज्यांचे खण टिकले, त्यातली पुष्कळ माणसं वाचली."

ते ऐकलं आणि माझा बांध फुटला. कारण आजीच्या घरचा खण टिकला नव्हता. आठवडाभर आधीच मी गौरींसाठी माहेरी गेले होते. मधल्या खांबाला सहज हात लावला, तर बोटांना भुगा आला. वाळवी! पण मी गप्प बसले. दिल्या घरची लेक, माहेरच्या घरात नाक कशाला खुपसायचं? काकूला काय वाटेल? एवढ्या विचारानं मी तोंड उघडलं नाही.

सासूबाई अंथरुणावर उठून बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं वेडे, मला वाटायचं, तुला आमचा वाडा आवडत नाही, म्हणून राहत नाहीस. तीस वर्षं मी तेच मनात धरून बसले." मग हळूच म्हणाल्या, "तू बोलली असतीस तरी आठ दिवसांत खांब बदलला असता का?" बदलला नसता कदाचित. पण आजीचं अंथरूण तरी सोप्यातून अंगणात हललं असतं, असं मला अजून वाटतं. ते काही जायचं नाही.

त्या रात्री मात्र मला झोप लागली. जाग आली ती देवळाकडच्या वाजंत्रीनं. चरणतीर्थाची वेळ. घड्याळात चार वाजून गेले होते. वर माळवद होतं तसंच होतं.

तेव्हा बायांनो, एवढं करा. माहेर जुन्या घरात असेल तर यंदा गेलात की खांबांच्या बुंध्याशी हात फिरवून बघा. माळवदावर किती माती साठलीय ते विचारा, झोपायच्या जागेवरची जड ट्रंक खाली उतरवून ठेवा. आणि काही दिसलं तर बोला. वहिनीला राग आला तर येऊ द्या. राग चार दिवसांत जातो.