देवळापुढचा चाफा किती जुना?

यादवकालीन देवळापुढे पांढरा चाफा उभा दिसला, की झाडही देवळाइतकेच जुने मानण्याचा मोह होतो. वाकडेतिकडे फाटे, राखी साल, पायथ्याशी फुलांचा सडा आणि वर ‘देवचाफा’ हे नाव. शंका घ्यावी तरी कशाला? पण यादवांनी हे फूल पाहिलेले नाही. या झाडाचे माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे. मेक्सिकोतील नाहुआ लोक त्याला ‘काकालोशोचित्ल’, म्हणजे कावळ्याचे फूल, म्हणत. संस्कृत काव्यातला चंपक तो हा नव्हे. तो आपला सोनचाफा. पाहुण्या झाडाला घरच्या झाडाचे नाव मिळाले आणि गोंधळ कायमचा झाला.

अमेरिकेबाहेर ते पडले युरोपीय जहाजांच्या काळात. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे स्पॅनिश गलबते आकापुल्को ते मनिला ये-जा करीत. महिनोन्‌महिने चालणाऱ्या अशा प्रवासात गोडे पाणी माणसांनाच पुरत नसे, तिथे रोपांना कोण घालणार? चाफ्याचे मात्र तसे अडत नाही, आणि ते का, हे दप्तरखान्यापेक्षा अंगणात लवकर कळते.

अंगठ्याहून जाड, हातभर लांब फांदी तोडावी. पांढरा चीक वाहतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये. फांदी लगेच लावायची नाही. सावलीत आठ-पंधरा दिवस तशीच टाकून द्यायची, कारण ओला काप मातीत कुजतो. काप वाळला की निचऱ्याच्या, मुरमाड जमिनीत रोवावी आणि मुळे धरेपर्यंत पाणी बेतानेच द्यावे. पुढे पाण्याची ओढ बसलीच तर झाड पाने गाळते आणि मांसल फांद्यांतल्या ओलाव्यावर तग धरते.

सुगंध रात्री वाढतो. त्याला भुलून पतंग येतात, पण फुलात मध नसतोच! देवाला वाहिले जाणारे हे फूल तसे अट्टल फसवे.

माणदेशातील एका आजीच्या अंगणात १९७२च्या दुष्काळानंतर एवढे एकच झाड उरले होते. ते पांडवांच्या वेळचे, असे ती नातवाला सांगे. पांडवांचे नव्हे, पण आपल्याकडे चाफ्याला शेंग क्वचितच धरते, रोप होते ते फांदीवरूनच. फांदीमागची फांदी शोधत गेले, तर आजीचे झाड बहुधा समुद्रापलीकडून आलेल्या एखाद्या फांदीचाच तुकडा ठरेल. शिकून आलेल्या नातवाने हे समजावले, तेव्हा तिने एवढेच विचारले, “मग तिकडं बी देवालाच वाहत्यात का?”