सोलरच्या प्लेटा आणि सांगोल्याचं ऊन

सांगोल्याजवळच्या एका डाळिंबबागेत मी गेलो, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, तरी ड्रिपच्या शेवटच्या ओळीला पाणी पोचत नव्हतं. बोअरला पाणी होतं. बागेचे मालक दादा प्लेटांवर चिडले होते. "पंचवीस वर्षं टिकतील म्हणले होते, आन् सहाव्या वर्षीच दमल्या की ओ!"

सरकारी योजनेतला पाच एचपीचा पंप, 325 वॅटच्या 15 प्लेटा. त्या उतरल्या हे खरं. पण चांगली सिलिकॉन प्लेट वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का क्षमता गमावते. बहुतेक कंपन्यांची हमीही 25 वर्षांनंतर किमान 80 टक्क्यांची असते. त्या हिशेबानं सहा वर्षांत फार तर पाच-सहा टक्के जायला हवे होते. एवढ्यानं ओळ कोरडी पडत नाही.

उन्हाचा हिशेब वेगळा. प्लेटेवर छापलेले वॅट 25 अंशांना मोजलेले असतात. सांगोल्याच्या मे महिन्यात प्लेट 65 अंशांपर्यंत तापू शकते आणि दर अंशामागे सुमारे 0.4 टक्के वीज घटते. भर दुपारी 16 टक्के तिथेच गेले. प्लेट निवली की ही घट भरून येते. वर्षानुवर्षांच्या तापण्यानं मात्र काचेखालचा प्लॅस्टिकचा थर पिवळा पडतो, आतले सांधे कमजोर होतात, आणि ते नुकसान कायमचं. आयआयटी मुंबईनं राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेबरोबर 2013 पासून केलेल्या देशभरच्या पाहण्यांतही उष्ण भागातल्या प्लेटा जास्त वेगानं उतरलेल्या दिसल्या.

दादांच्या शेतात दोन गोष्टी सापडल्या. प्लेटा बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं धुतल्या जायच्या. काचेवर पांढरा थर बसला होता, त्यावर धूळ आणि फवारणीचे डाग. दुसरी गोष्ट मेकॅनिकनं मीटर लावून शोधली: एका प्लेटेचा डायोड जळाला होता. सगळ्या प्लेटा एकाच माळेत जोडलेल्या, त्यामुळे एकीचा दोष पंपापर्यंत जातो.

डायोड बदलला. साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं, मऊ फडक्यानं काच पुसली. दुपारपर्यंत शेवटच्या ओळीचे ड्रिपर टपकू लागले.

नवा पंप बसवणाऱ्यांना माझी विनंती आहे: पहिल्याच महिन्यात जाणकाराकडून प्रत्येक प्लेटेचं व्होल्टेज आणि करंट मोजून, तारखेसह वहीत लिहून ठेवा. प्लेटा धुवायच्या त्या सकाळी, गार असताना. पुढे हमीचा दावा करताना ती वही हाताशी असू द्या.