सरव्याचं देणं

माझ्या शिक्षणाचा हिशेब मांडायला बसलं, की आईवडिलांच्या खालोखाल एका बाईचं देणं निघतं. गल्लीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मी मावशी म्हणायचे. आमचं ना रक्ताचं नातं, ना जातीचं, ना धर्माचं. मी मालेगाव तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावची कुणब्याची पोर, आणि त्या वाशीमच्या मिशन दवाखान्यात जन्म घालवलेल्या ख्रिस्ती परिचारिका. 1997 साली अकरावीसाठी मी वाशीमला आले, तेव्हा त्यांच्या घरामागची खोली भाड्याने मिळाली. त्या वेळी आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. पुढच्या वर्षी, 1 जुलै 1998 ला, वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला. गावात मोठा आनंद झाला. मावशी मात्र त्या दिवशीही सकाळी उठून अंगणातल्या लिंबाला आळं करत होत्या.

मिशन दवाखाना म्हणजे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. वाशीमला मेथडिस्ट मिशन जुनं. त्यांच्यामागून चर्च ऑफ द नाझरीनचे लोक आले. 1936 साली भारतात आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी हा दवाखाना उभा केला, वाढवला आणि उभं आयुष्य त्यात घातलं. पुढे तिथे नर्सिंगचं शिक्षणही सुरू झालं. मावशी तिथेच शिकल्या आणि तिथेच बाळंतपणाच्या वॉर्डात निवृत्त झाल्या. आमच्या गावातल्या कितीतरी लोकांचा जन्म त्या दवाखान्यातला. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंतच्या बाया बैलगाडीतून, नंतर एसटीने, अडलेल्या अवस्थेत तिथे यायच्या.

मावशींनी मला धर्म शिकवला नाही. बायबल वाच असंही कधी म्हणाल्या नाहीत. पण रात्री जेवणानंतर त्या स्वतः मोठ्याने वाचायच्या. भिंत पातळ होती. काही दिवसांनी मीच पाट घेऊन त्यांच्या ओसरीवर बसायला लागले. गोष्टी ऐकायची सवय मला आजीमुळे होतीच.

कामाविषयी मी जे काही मानते, ते त्या ओसरीवरचं आहे.

आमच्या घरी काम म्हणजे भोग. मागच्या जन्माचं काहीतरी फेडायचं म्हणून उन्हातान्हात निंदण करायचं, असं आई म्हणायची आणि तिचं तरी काय चुकलं? मावशींनी मला उत्पत्तीच्या पुस्तकातला क्रम दाखवला. आधी देव स्वतः काम करतो, सहा दिवस. उजेड, पाणी, जमीन, झाडं, जनावरं. मग तो एक बाग लावतो आणि माणसाला त्या बागेत ठेवतो, मशागत करायला आणि राखायला. हे सगळं पापाच्या आधी. काटेकुसळं आणि कपाळाचा घाम पुढे येतात, माणसाचं देवाशी बिनसल्यावर. "म्हणजे कष्टाचा जाच मागून आला माय, काम आधीपासून होतं," त्या म्हणाल्या. "जाच आहे म्हणून कामाले शिव्या देऊ नये. आणि काम चांगलं आहे म्हणून जाच सोसत बी राहू नये."

या दुसऱ्या वाक्याचं महत्त्व मला खूप नंतर कळलं. कामाचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, पण बहुधा ते दुसऱ्याच्या कामाचं असतं. मावशींच्या ग्रंथात विसावा ही आज्ञा आहे. सातव्या दिवशी मालकाने थांबायचं, आणि त्याच्या गड्याने, मोलकरणीने, बैलाने, गाढवानेही थांबायचं. तुम्ही स्वतः मिसरात गुलाम होता हे आठवा, असं कारण तिथे दिलं आहे. सातव्या वर्षी तर जमिनीलाही सुट्टी. मावशींना पोळा फार आवडायचा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, त्याचं त्यांना अप्रूप होतं. एकदा आई वाशीमला आली असताना बोलता बोलता त्यांनी तिला विचारलं, "बाई, बैलाचे खांदे शेकता, तुमचे कोण शेकते?" आई हसली. मग गप्प झाली. त्या रात्री मावशींनी पाणी गरम केलं, मोठ्या टॉवेलची घडी त्यात बुडवली, पिळली आणि आईच्या खांद्यावर ठेवली. उजव्या खांद्याला, जिथे गवताचा भारा टेकतो, तिथे घट्टा पडून चामडी काळी झालेली होती. मावशींनी त्या जागी अंगठ्याने हळूहळू दाबलं. प्रसूतीनंतर बाईचं पोट दाबून बघणारा तोच अंगठा. आईच्या खांद्याला असा हात लागलेला मी तोवर पाहिला नव्हता.

मावशींना मूल नव्हतं. नवरा लवकर गेला होता. वॉर्डात आलेल्या बाया मायेने विचारायच्या, सिस्टर, तुम्हाला लेकरं किती? उत्तर ऐकून काहींचा चेहरा बदलायचा. आमच्याकडे वांझ या शब्दाचे घाव काय असतात ते सांगायला नको. आणि बायबलमध्ये तर देवाचा पहिला आशीर्वादच फलद्रूप होण्याचा. मी एकदा धीर करून विचारलं, मावशी, तुम्हाला हे वाचताना त्रास होत नाही का?

त्यांनी पान उलटून दाखवलं, की तो आशीर्वाद माणसाच्या आधी समुद्रातल्या माशांना आणि आकाशातल्या पाखरांना मिळाला आहे. तेव्हा त्यात फुशारकीसारखं काही नाही. मग त्यांनी यशया काढला. छप्पन्नावा अध्याय. ज्याला मूल होणार नाही त्याने स्वतःला वाळलेलं झाड म्हणू नये, असं तिथे देव सांगतो. आपल्या घरात त्याला मुलामुलींहून चांगलं नाव देईन असं वचन देतो. त्या पानाचा कोपरा हाताळून मऊ पडला होता.

पण त्यांची खरी आवडती गोष्ट होती शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींची. इस्राएली लोक मिसरात वाढत चालले तेव्हा फारोने या दोघींना हुकूम केला, की मुलगा जन्मला तर मारून टाका. त्यांनी ऐकलं नाही. जाब विचारला तेव्हा म्हणाल्या, या बाया धडधाकट आहेत, आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात. मावशी हे सांगताना खुलायच्या. "एवढा मोठा राजा, त्याचं नाव नाही लिहिलं. सुइणींची नावं लिहिली." वॉर्डात मुलगी झाली म्हणून तोंड फिरवून बसलेल्या सासूच्या मांडीवर त्या बाळ ठेवायच्या आणि सांगायच्या, इचं नाव काय ठेवता ते सांगितल्याशिवाय मी इथून हलत नाही. फलद्रूप होणं म्हणजे जीव जन्माला घालणं एवढंच नाही, जन्मलेला जीव जगेल असं बघणं हेही आहे, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले.

माझं बारावीचं वर्ष आलं आणि घरात पैसा उरला नाही. वडील मला न्यायला आले. मुलीचं लग्न करून टाकू, दोन एकरांत किती ओढायचं, असं त्यांचं म्हणणं. मावशींनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि लिंबाच्या झाडापाशी नेलं. लिंबाला तोवर फळ धरलं नव्हतं. त्यांनी वडिलांना लूकच्या शुभवर्तमानातली अंजिराची गोष्ट सांगितली. मालक तीन वर्षं फळ शोधत येतो, मिळत नाही, म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, धनी, एवढं साल राहू द्या, मी याच्याभोवती खणतो, खत घालतो. "दादा, खोलीभाडं मले नको," मावशी म्हणाल्या. "जेवणाचं मी पाहतो. एक साल द्या फक्त."

वडील शेतकरी होते. खत आणि एक साल ही भाषा त्यांना कळली. ते एकटेच परत गेले.

ती गोष्ट मी पुढे स्वतः वाचली. अंजिराला फळ आलं की नाही, हे तिथे लिहिलेलंच नाही. माळ्याचं बोलणं संपतं तिथे गोष्ट संपते. त्याने फळाची हमी दिलेली नाही, दिला तो खणण्याचा शब्द. मावशींनीही मला कधी विचारलं नाही, किती टक्के पडतील. रात्री अकरा वाजता कंदिलाची काच पुसून ठेवायच्या, कारण वीज जायची, आणि पहाटे उठवायच्या. तेवढंच त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं.

पुढे मी शेतीचं शिक्षण घेतलं आणि कृषी सहायक झाले. आता सोयाबीनच्या बांधाबांधाने फिरते. पहिल्या पगारातून मावशींसाठी लुगडं आणि खोलीभाड्याचे राहिलेले पैसे घेऊन गेले. लुगडं त्यांनी ठेवून घेतलं, पैसे परत केले. मी हट्ट धरला तेव्हा त्या जरा रागावल्याच. म्हणाल्या, सरव्याचे पैसे कोणी देत नाही.

सरवा मला चांगला ठाऊक. पीक निघाल्यावर शेतात जे कणीस, जी शेंग, जे बोंड राहून जातं, ते वेचायला आई आम्हा पोरांना घेऊन जायची. आता सोयाबीनच्या हंगामात पाहते, शेंगा तडकून दाणे भेगांत पडलेले असतात. बाया उकिडव्या बसून एकेक दाणा नखाने उकरून काढतात, दिवसभरात पदराच्या ओच्यात काही जमतं. काही शेतकरी वेचू देतात, काही हाकलतात. वेचणारी मान खाली घालून वेचते. आम्हीही तशाच वेचायचो.

मावशींनी लेवीयचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. कापणी करताना शेताच्या कडा साफ कापू नका, पडलेला सरवा गोळा करू नका, द्राक्षमळ्यात गळालेलं फळ उचलू नका. ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकात तर पुढे असंही आहे, की शेतात पेंढी विसरली तर आणायला माघारी जाऊ नका. रूथ ही परदेशी विधवा याच नियमाने बवाज नावाच्या मालकाच्या शेतात जवाचा सरवा वेचायला उतरली, आणि तिच्या वंशात पुढे दावीद राजा झाला. कडा मालकाच्या जमिनीत असतात, पण त्यांच्यावरचं पीक आधीपासून दुसऱ्याचं असतं. त्यामुळे देणाऱ्याने उपकार केला असं नाही आणि घेणारीने मान खाली घालायचं कारण नाही.

हे वाचून माझ्या बालपणाकडे बघण्याची माझी नजर बदलली. आम्ही वेचलेल्या कणसांची लाज मी कितीतरी वर्षं वागवली होती. ती त्या दिवशी गेली.

मावशी पंडिता रमाबाईंना फार मानायच्या. रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींच्या हाताला काम दिलं, शेती, विणकाम, छापखाना. बायबलचा मराठी अनुवाद स्वतः केला आणि तो तिथल्याच बायांनी जुळवून छापला. 1922 साली रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला 1924 साली. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हे येशूचं म्हणणं मावशींना या एका उदाहरणात पुरतं दिसायचं. त्यात त्यांना दुःख वाटत नसे. शेवटच्या आजारातही त्या भेटायला येणाऱ्या बायांना लोहाच्या गोळ्यांचं विचारायच्या.

मावशींच्या हिशेबात माझ्यावर त्यांचं ऋण नव्हतंच. त्यांनी फक्त कड सोडली होती, आणि मी त्यावरचं माझं पीक उचललं होतं. माझ्या हिशेबात मात्र ते ऋण आहे आणि राहील. ते फेडण्याचा विचार मी सोडून दिला आहे, कारण फेडलं की नातं संपतं. त्याऐवजी मी बांधावर उभी असते तेव्हा सरव्याला आलेल्या बाईला हाकलू पाहणाऱ्या शेतकऱ्याशी बोलते. माझ्या घरातली मागची खोली गावाकडच्या मुलींना देते. त्यातली एक यंदा नर्सिंगला गेली. पहिल्या पगारात ती पैसे घेऊन येईल. तिला काय सांगायचं ते मला माहीत आहे.