आबा, इमॅजिका आणि राहिलेला गणपती

तुम्ही तुमच्या वडिलांना कधी किंचाळताना ऐकलंय? आपल्यावर ओरडताना नव्हे हो, ते तर सगळ्यांनीच ऐकलंय. किंचाळताना! भीतीनं, मजेनं, पार बेंबीच्या देठापासून, आजूबाजूला दहा अनोळखी माणसं असताना. मी वयाच्या चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. खोपोलीजवळच्या इमॅजिकात, डायनासोरच्या होडीत, डिसेंबरातल्या एका मंगळवारी.

आधी ओळख करून देतो. आबा म्हणजे माझे वडील. वय चौसष्ट, मुक्काम पोस्ट पिंपळी, तालुका बारामती. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलात की थोड्याच वेळात आमचं गाव येतं. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून काटेवाडीकडे निघते, ती आमच्या गावावरूनच. पुढे काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, ते टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेलच. बाकी गावात सांगण्यासारखं काय? नीरा डावा कालवा. इंग्रजांच्या काळातला, १८८५च्या सुमाराचा. त्याच्या पाण्यावर ऊस, आणि उसावर माझी इंजिनिअरिंगची फी. संपली ओळख!

कारणाशिवाय? छे!

आबा आयुष्यात कधी 'फिरायला' गेले नाहीत. गेले ते कामाला. लग्न, दहावा, दवाखाना, कोर्टाची तारीख. चुलतभावाशी बांधाच्या दीड हातावरून चौदा वर्षं दावा चालला, तेवढ्या काळात बारामतीचं कोर्ट त्यांनी जितकं पाहिलं तितकं मी माझं ऑफिस पाहिलेलं नाही. पुण्याला माझ्याकडे येतात तेसुद्धा 'गव्हाचं पोतं द्यायला' किंवा 'गुडघा दाखवायला'. पोतं ठेवलं, गुडघा दाखवला, की लगेच स्वारगेटहून परतीची विनाथांबा.

अशा माणसाला थीम पार्कला न्यायचं कसं? सिंपल. गणपती!

अष्टविनायकातले सहा आबांचे कधीच झालेत. मोरगाव तर आमच्याच तालुक्यात. राहिलेत ते रायगड जिल्ह्यातले दोन, महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर. आणि इमॅजिका कुठे आहे? खोपोली-पाली रोडवर. बाप्पा मोरया!

"आबा, महड-पाली उरकून टाकू. वाटेत एक बाग आहे, तीपण बघू."

"कसली बाग? डाळिंबाची?"

"नाही... मजेची."

फोनवर दोन सेकंद शांतता. मग, "येतो. तुझी आई न्हाई यायची, गाय व्यायला झालीय."

आता खरं सांगतो. यात माझे दोन हेतू होते. पहिला चांगला, दुसरा तितकासा नाही.

पहिला. आमच्या पिढीचं थीम पार्क म्हणजे एस्सेलवर्ल्ड. १९८९ मध्ये मुंबईत गोराईला सुरू झालेलं. टीव्हीवरची त्याची जाहिरात आम्हा पोरांना पाढ्यांपेक्षा चांगली पाठ होती. सातवीत असताना शाळेची सहल तिथे निघाली. फी साडेसहाशे रुपये. साल २००३, दुष्काळाचं. विहीर तळाला गेलेली, उभा ऊस जनावरांना चारा म्हणून तोडून घातलेला. आबा म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ." पुढच्या वर्षी सहल गेली पन्हाळ्याला. विषय संपला. रडलोबिडलो नाही, पण तो हिशोब डोक्यात कुठेतरी उघडा राहिला होता.

दुसरा हेतू वाकडला होता. टू बीएचके, सातवा मजला. बँक कर्ज देत होती, पण खिशातून भरायचे वीस लाख आणायचे कुठून? आमची जमीन तीन एकर. त्यातलं एक एकर रस्त्याला लागून. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची चर्चा सुरू झाल्यापासून रस्त्याकडच्या रानाला कसे भाव आलेत, ते त्या बाजूच्या कुणालाही विचारा. प्लॅन असा, की दिवसभर आबांना खूश ठेवायचं आणि परतीच्या वाटेवर विषय काढायचा. ऑफिसात क्लाएंटला जेवायला नेतो ना, अगदी तसंच. लिहितानाही लाज वाटतेय, पण होतं ते होतं.

मोगॅम्बो आणि धपाटे

पहाटे वाकडहून निघालो. एक्स्प्रेस वेवरून लोणावळा, मग घाट उतरून खोपोली. महडला दर्शन झालं आणि नऊला आबा म्हणाले, "चला, आता पालीला." म्हटलं, आधी बाग, मग पाली.

गेटवर पहिला झटका आईच्या धपाट्यांना. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही असा नियम. डबा परत गाडीत ठेवला. दुसरा प्रश्न तिकिटाचा.

"कितीला पडलं?"

"चारशे."

खरा आकडा हजाराच्या बराच पुढचा होता, पण तो सांगितला असता तर आबा तिथूनच पालीला चालत गेले असते.

इमॅजिका सुरू झालं २०१३ मध्ये. आत शिरलं की आपण रायगड जिल्ह्यात आहोत हेच विसरायला होतं. आबांच्या अंगात पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी. आजूबाजूला शॉर्ट्स आणि गॉगल. मला उगाचच ऑकवर्ड होत होतं. आबांना अजिबात नाही. ते जत्रेत फिरावं तसे हात मागे बांधून निवांत फिरत होते.

सुरुवात केली 'मिस्टर इंडिया' राइडनं. १९८७चा तो सिनेमा आबांनी लग्नाआधी बारामतीत पाहिला होता. खुर्च्या गदागदा हलू लागल्या तसा त्यांनी माझा दंड घट्ट धरला. बाहेर आल्यावर म्हणाले, "मोगॅम्बो अजून हाय व्हय रं!" आणि चक्क हसले. पहिली विकेट!

मग 'आय फॉर इंडिया'. यात आपल्याला खुर्चीसकट वर उचलतात. पाय अधांतरी, समोर अवाढव्य पडदा, आणि हेलिकॉप्टरमधून दिसावा तसा आपला देश पायाखालून सरकत जातो. आबा कधी विमानात बसलेले नाहीत. मी पडदा सोडून त्यांच्याकडेच बघत होतो. तोंड किंचित उघडं, टोपी मांडीवर. खाली उतरल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले,

"आरं, वरनं बांध दिसतच न्हाईत की."

चौदा वर्षांचा दावा मला आठवला. त्यांनाही आठवला असणार. दोघंही गप्प.

आणि मग ती डायनासोरची होडी. राजासॉरस हा आपला अस्सल देशी डायनासोर बरं का! गुजरातेत त्याची हाडं सापडली आणि शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं २००३ मध्ये. म्हणजे मी सहलीवरून तोंड फुगवून बसलो होतो त्याच वर्षी. होडी अंधारातून जाते, आजूबाजूला गुरगुर, मग वर, वर, आणखी वर... आणि धाडकन खाली! त्या उतारावर माझ्या शेजारून जो आवाज आला तो मी आधी ओळखलाच नाही. "पांडुरंगाऽऽऽ!" मग पाणी. डोक्यापासून पायापर्यंत.

आबा निथळत उभे होते आणि हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांना असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. फोटो? नाही. मोबाइल दोघांचेही लॉकरमध्ये.

हे रान कुणाचं?

'नायट्रो' हा इथला हीरो. जवळपास ४० मीटर उंच, पाच वेळा आपल्याला उलटंपालटं करणारा, पायाखाली फळीही नसलेला रोलर कोस्टर. आबांनी खालून एकदा पाहिलं आणि निकाल दिला, "उलटं टांगून घ्यायला मी काय वटवाघूळ हाय? तू जा."

गेलो. आतडी घशात येणं म्हणजे काय ते कळलं. लटपटत्या पायांनी बाहेर आलो तर आबा बाकावर नाहीत! शोधलं. पलीकडे झाडांच्या ओळीशी उकिडवे बसून पाण्याची नळी निरखत होते. शेजारी एक माळीकाका. दोघांची गट्टी जमलेली. कुठलं झाड किती पाणी पितं, उन्हाळ्यात काय करता, सगळी चौकशी झालेली.

मला पाहून आबा उठले, गुडघा चोळला आणि चहूकडे नजर फिरवली. सहज, दुकानात भाव विचारावा तसं विचारलं,

"हे रान आधी कुणाचं हुतं?"

माळीकाकांना माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच.

"कुणाचं तरी असंलच की," आबा म्हणाले. आवाजात राग नाही, टोमणा नाही. शेतकऱ्याला नवीन जागी गेल्यावर पडतो तो प्रश्न. माती कशी, पाणी कुठलं, मालक कोण. मी तिथे यापूर्वी तीनदा गेलोय, दोनदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आणि खिशातल्या मोबाइलमध्ये बिल्डरच्या माणसाचा मेसेज येऊन पडला होता, 'सर, बुकिंगचं काय ठरलं?'

पार्किंगमध्ये

संध्याकाळी गाडीत धपाटे सोडले. शेंगदाण्याची चटणी, सोबत कांदा. आबांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "चारशेचं तिकीट ना?"

"हो."

"आरं लेका, खोटं बोलायचं तर आधी पाटी झाकावी. सकाळीच वाचलीय म्या."

मी गप्प.

"आता दुसरं बोल."

"दुसरं काय?"

"घाटापास्नं घशात अडकलंय ते."

सांगितलं. वाकड, सातवा मजला, वीस लाख, रस्त्याकडचं एकर. आबा चावत राहिले. दुसरा धपाटा घेतला.

"इकू," ते म्हणाले. "न्हाई म्हणत न्हाई. रान काय कुणी छातीवर घिऊन जात न्हाई. पर एक सांग. रान गेलं, उद्या आमी गेलो, मग पिंपळीला काय म्हणून येशील?"

"सुट्टीत येईन की!"

"सुट्टीत लोकं हितं येत्यात," त्यांनी गेटकडे बोट दाखवलं. "मला आपलं कारणाबिगर कुठं जाता येत न्हाई. आणि तू माझाच हायेस."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

फ्लॅटचं काय झालं म्हणाल, तर तो सातवा मजला सोडून दिला. आता पुढच्या गल्लीतला वन बीएचके बघतोय, कर्जात बसेल असा. हा काही श्रावणबाळाचा त्याग वगैरे नाही. बायको अजून अधूनमधून टू बीएचकेची आठवण काढते आणि तिचं चुकतं असंही नाही. कदाचित दोन वर्षांनी ते एकर विकावंही लागेल. पण ते विकायचंच असेल, तर पिंपळीत, आईसमोर, ओसरीवर बसून विचारीन. रोलर कोस्टरची लाच देऊन नाही.

आणि पाली? त्या संध्याकाळी गाडी सुरू करताना मीच आठवण केली. "आबा, बल्लाळेश्वर राहिला. जाऊया ना? अजून उजेड आहे."

आबांनी ओली टोपी डॅशबोर्डवर वाळत टाकली आणि सीट मागे केली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "एखादं कारण शिल्लक असावं."

जायचंय?

कुठे : खोपोली-पाली रस्त्यावर. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवरून खोपोलीकडे उतरा. रेल्वेनं खोपोली किंवा लोणावळा, पुढे गाडी करून.

कधी : जमल्यास सुट्टी टाकून मधल्या वारी जा. रांगा कमी आणि वडीलधाऱ्यांचे पाय शाबूत. तिकिटाचे दर बदलत असतात, निघण्याआधी बघून घ्या.

जोडून काय : महडचा वरदविनायक जवळच. त्याच रस्त्यानं पुढे पालीचा बल्लाळेश्वर. दोन्ही एकाच दिवशी उरकायलाच हवेत असं काही नाही.

सोबत काय न्याल : कपड्यांचा एक जादा जोड, होडीसाठी. धपाटे मात्र गाडीतच ठेवा. संध्याकाळी जास्त चांगले लागतात.