बुडालेल्या जहाजाचा जमाखर्च

आमच्या घरात सहलीची गोष्ट निघाली की आधी वही निघते. मी बँकेत चौतीस वर्षे काढलेला माणूस. तेव्हा डाव्या बाजूला खर्चाची बाब, उजव्या बाजूला रक्कम आणि खाली लाल शाईने बेरीज, याशिवाय मला देवदर्शनालाही जाववत नाही. पण गेल्या वर्षी कन्येने जी बाब सांगितली, ती वहीत लिहिताना माझा हात क्षणभर थांबला. ती म्हणाली, "बाबा, मी सप्टेंबरमध्ये कॅनडाला जाणार. त्याआधी आपण सगळे मिळून बुडालेलं जहाज बघायला जाऊ."

"बुडालेलं जहाज बघायला आपणही बुडायला हवं ना?" सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न रास्त होता. त्यांना पोहता येत नाही.

आमचा ताफा कसा होता, तेही सांगायला हवे. कन्या स्कूबा डायव्हिंगचा पुढचा अभ्यासक्रम पुरा केलेली. तिला ३० मीटरपर्यंत जाण्याची मुभा. आमचे मेहुणे, म्हणजे सौभाग्यवतींचे धाकटे बंधू, यांनी बारा वर्षांपूर्वी अंदमानात प्रमाणपत्र मिळवलेले. त्यानंतर पाण्याशी त्यांचा संबंध अंघोळीपुरता. त्यांचा चौदा वर्षांचा चिरंजीव आणि मी अगदीच कोरे. माझे वय अठ्ठावन्न, आणि रोज सकाळी रक्तदाबाची अर्धी गोळी. शिवाय सौभाग्यवती. अशा पाच जणांनी एकाच पाण्यात उतरायचे, आणि तेही माझ्या वहीच्या आत!

जगात बुडालेली जहाजे पुष्कळ आहेत. परंतु बहुतेक फार खोल, किंवा किनाऱ्यापासून फार दूर. दूर म्हणजे बोट आली, आणि बोट आली की खर्च आला. खोल म्हणजे नवशिक्याला मज्जाव. दोन्ही अटी एकदम पुऱ्या करणारे एक जहाज कन्येने शोधून ठेवले होते. ते म्हणजे बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, तुलांबेन या गावासमोरचे 'लिबर्टी'.

या जहाजाची कथा मोठी विलक्षण आहे. १९१८ साली अमेरिकेत बांधलेले हे सुमारे सव्वाशे मीटर लांबीचे मालवाहू जहाज. दुसऱ्या महायुद्धात रबर आणि रेल्वेचे सुटे भाग घेऊन ते ऑस्ट्रेलियाकडून फिलिपीन्सला निघाले असता, ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्याच्यावर टॉर्पेडो सोडला. एक अमेरिकन आणि एक डच अशा दोन विनाशिकांनी त्याला दोर बांधून सिंगराजा बंदराकडे ओढत नेण्याचा प्रयत्न केला. पण आत पाणी फार भरले, तेव्हा निदान माल तरी वाचावा म्हणून ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवले. तेथे ते एकवीस वर्षे पडून होते. मग १९६३ साली मागचा आगुंग ज्वालामुखी जागा झाला. त्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसे गेली, आणि त्याच्याच हादऱ्यांनी हे जहाज किनाऱ्यावरून घसरून समुद्रात गेले. युद्धाने त्याला किनाऱ्यावर आणले आणि डोंगराने परत समुद्रात लोटले!

आता ते किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उतारावर आडवे झाले आहे. त्याचा सर्वांत वरचा भाग पाण्याखाली जेमतेम ५ मीटरवर, तर सर्वांत खालचा सुमारे ३० मीटरवर. बोट लागत नाही. किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचे. म्हणजे कोऱ्याला वरचा मजला, जाणत्याला तळमजला, आणि न पोहणाऱ्याला गच्ची. मी वहीत 'बोटभाडे' ही बाब लिहिली, आणि तिच्यासमोर मोठ्या समाधानाने शून्य मांडले.

तयारीला पाच महिने लागले. मी आणि भाचा नाताळच्या सुट्टीत मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या केंद्रात शिकून आलो. तेथे पहिल्या दिवशीच एक तक्ता भरावा लागला. दमा आहे काय, हृदयविकार आहे काय, रक्तदाब आहे काय? एकाही प्रश्नाला 'हो' म्हटले की डॉक्टरांचे पत्र आणा. वाचकहो, कबूल करतो, माझे पेन रक्तदाबापाशी 'नाही'कडे वळले होते. अर्ध्या गोळीला काय रक्तदाब म्हणायचे? शिवाय तपासणीचा खर्च वहीत धरलेला नव्हता. हे मी फोनवर कन्येला सहज म्हणून सांगितले, तर ती एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्हाला खाली काही झालं तर वर मलाच आणावं लागेल." मी परत घरी आलो, डॉक्टरांकडे पळत्या पट्ट्यावर धावलो, पत्र घेतले आणि महिन्याने पुन्हा तारकर्ली गाठली. प्रवासखर्च दुप्पट झाला.

बाकी ठिकाणी मात्र काटकसर साधली. मास्क तेवढे स्वतःचे घेतले, कारण ते चेहऱ्याला नीट बसावे लागतात. बाकीची सामग्री भाड्याने. दक्षिण बालीतल्या झगमगाटात न राहता तुलांबेनमध्येच घरगुती खोल्या घेतल्या, त्यामुळे रोजचे सहा तासांचे मोटारभाडे वाचले. मार्च टाळला, कारण आपल्या गुढीपाडव्याच्या सुमारास त्यांचे शक वर्ष सुरू होते. त्या न्येपीच्या दिवशी सारे बेट मौन पाळते, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद! बेसाकीचे मोठे देवालय आगुंगच्या अंगावर आहे. पाण्यातून आल्यावर लगेच उंचावर जाऊ नये, म्हणून ते आधीच उरकायचे ठरले. शेवटची बुडी आणि परतीचे विमान यांत अठरा तासांहून जास्त अंतर ठेवले. अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ द्यावा लागतो. विमा मात्र मी मुद्दाम महागाचा घेतला, कारण साध्या प्रवासविम्यात डायव्हिंग बहुधा धरत नाहीत.

एवढे सगळे करूनही बेरीज थोडी वर जात होती. तेव्हा मी एका ओळीवर काट मारली. ती ओळ होती, 'मेहुण्यांची उजळणी'. बारा वर्षांचा खंड पडला आहे, तेव्हा आधी उथळ पाण्यात शिक्षकाबरोबर एक दिवस सराव करावा, असे कन्येने सुचवले होते. मेहुणे हसले. "अगं, सायकल कोणी विसरतो का?" मी म्हणालो, "बरोबर आहे त्यांचं." मला पटले होते असे नाही, पण लाल शाईची बेरीज बसत होती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तुलांबेनला पोचलो. विमानतळावर प्रत्येकी पाच लाख रुपिया मोजून व्हिसा घेताना माझ्या तोंडचे पाणी पळाले होते. पण ते आपले अडीच-पावणेतीन हजारच, हे ध्यानात आल्यावर ते परत आले. गाव लहान, किनारा वाळूचा नव्हे तर काळ्या गोल गोट्यांचा. मागे आगुंग, पुढे निळे पाणी. उंबऱ्या-उंबऱ्यावर पानाच्या द्रोणात फुले आणि उदबत्ती ठेवलेली पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हे तर आपल्याच घरचं वाटतंय." तेथल्या बायका हवेने भरलेली जड टाकी डोक्यावर घेऊन त्या निसरड्या गोट्यांवरून अशा चालतात, की आपल्याला रिकाम्या हातांनीही तसे जमू नये. त्यांची हमाली मी वहीत घासाघीस न करता लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहालाच आम्ही पाण्यात शिरलो. दिवसभराच्या सहलीला येणारी मंडळी दहाच्या पुढे येतात. गाइड, कन्या, मेहुणे, भाचा आणि मी असे पाच जण खाली. सौभाग्यवती लाइफ जॅकेट घालून, एका दुसऱ्या गाइडचा हात धरून, तोंडात नळी घेऊन वर तरंगत. आधी काळी वाळू, मग एकाएकी समोर एक प्रचंड सावली आली आणि तिची भिंत झाली. जहाज! लोखंड कुठे दिसतच नव्हते. सगळीकडे पोवळी, पंख्यासारखी झाडे, आणि त्यांत माशांचे थवे. कपाळावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे भल्या सकाळी जहाजाभोवती कळपाने फिरतात. ते आमच्या शेजारून गाईगुरांसारखे निवांत गेले. भाच्याने माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठला.

आम्ही १४ मीटरवर होतो. कन्या आणि मेहुणे आमच्या थोडे खाली, १८ च्या आसपास. एवढ्यात मेहुण्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरले. ही काही मोठी बाब नव्हे. मास्कचा वरचा काठ दाबून नाकाने हवा सोडली की पाणी निघून जाते. तारकर्लीत मी ते वीस वेळा केले होते. पण मेहुण्यांची सायकल तेवढी विसरली होती. त्यांनी मास्कच उपटायचा प्रयत्न केला, श्वास भराभर चालू झाला, आणि ते हातपाय मारीत वर निघाले.

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, २० वर तिप्पट, ३० वर चौपट. म्हणून खाली हवा लवकर संपते. आणि म्हणूनच श्वास कोंडून एकदम वर आले, तर छातीतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकते. हे सगळे मला ठाऊक होते, आणि मी जागच्या जागी खिळून पाहत होतो. कन्येने त्यांचा पट्टा धरला, दुसऱ्या हाताने त्यांचा रेग्युलेटर तोंडात दाबून ठेवला आणि डोळ्यांत डोळे घालून श्वास सोडण्याची खूण केली. तोवर गाइड पोचला. दोघांनी त्यांना हळूहळू वर नेले, ५ मीटरवर तीन मिनिटे थांबवले, मग बाहेर काढले. आम्हीही मागोमाग निघालो. एकाला वर जायचे तर सगळ्यांनी वर जायचे, हा आधीच ठरलेला नियम.

किनाऱ्यावर सौभाग्यवती आमच्याआधी भावापाशी पोचल्या होत्या. चेहरा पांढरा. म्हणाल्या, "मी वरून तुमचे बुडबुडे मोजत होते. पाच धारा येत होत्या, शांत, समईच्या वातींसारख्या. मग एक धार एकदम भसाभसा यायला लागली. मला कळलं, कोणीतरी घाबरलंय. कोण ते कळत नव्हतं."

मेहुण्यांना काही झाले नाही. तास-दीड तासाने ते चहा मागू लागले. पण तो सगळा दिवस कोणी पाण्यात गेले नाही. संध्याकाळी मी ओसरीवर वही उघडली, काट मारलेली ओळ पुन्हा नीट लिहिली आणि समोर रक्कम मांडली. कन्या शेजारी येऊन बसली. मी म्हणालो, "चूक त्यांची नव्हे, माझी. मी बेरीज जुळवली." ती काही बोलली नाही, तिने लाल पेन माझ्या हातातून काढून घेऊन टोपण लावले.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी शिक्षकाबरोबर कमरेएवढ्या पाण्यापासून सुरुवात केली. मास्क भरणे आणि रिकामा करणे, सकाळभर. शाळकरी पोरासारखे ते निमूटपणे करीत होते, आणि त्यांचा चिरंजीव किनाऱ्यावरून टाळ्या वाजवीत होता. त्या एका दिवसाने सहलीला जेवढा धीर आला, तेवढा बाकीच्या सगळ्या खर्चाने आला नव्हता.

शेवटच्या सकाळी आम्ही दोन तुकड्या केल्या. कन्या एका गाइडबरोबर २८ मीटरपर्यंत. तेथे थांबायला वीसेक मिनिटांहून जास्त मुभा नसते. आम्ही तिघे दुसऱ्या गाइडबरोबर १२ मीटरवर, जहाजाच्या कडेकडेने. फुटलेल्या तळघरांत डोकावायचे, पण आत शिरायचे नाही, असे बजावलेले होते. परतताना सगळ्यांनी भेटायचे ते जहाजाच्या माथ्यावर, ५ मीटरवर. नाहीतरी वर येण्यापूर्वी तेथे तीन मिनिटे थांबायचेच असते.

खालच्या निळ्या अंधारातून आधी बुडबुडे आले, मग कन्या आली. मेहुण्यांनी ठीक असल्याची खूण केली, भाच्याने दोन्ही हातांनी केली. आणि मी वर पाहिले. आमच्या डोक्यावर, चकाकणाऱ्या पाण्याच्या छतावर, नारिंगी जॅकेट घातलेल्या सौभाग्यवती तरंगत होत्या. त्यांनी गाइडचा हात सोडला होता, आणि बोटे दुमडून त्या काहीतरी मोजत होत्या.

बाहेर आल्यावर मी विचारले, "काय मोजत होतात?"

"माणसं," त्या म्हणाल्या. "बरोबर भरली."

सप्टेंबरात कन्या गेली. वहीच्या त्या पानावर ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्तीची बेरीज लाल शाईत तशीच आहे. मी ती खोडलेली नाही.